मावशीने शिवलेलं जनावर

मावशीची सगळी हयात मोटारींच्या सीटना कव्हरं शिवण्यात गेली. टाका असा, की पट्टी लावून मोजावा. त्यामुळे भाचीने सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा परग्रहावरून आलेल्या जनावराचं अंग शिवायला ती दुसऱ्या कुणाकडे गेलीच नाही.

"मावशी, बघणाऱ्याची बोबडी वळली पाहिजे हं!"

"वळेल की. आधी माप तर आण."

चार दिवस दुकान बंद ठेवून मावशीने ते शिवलं. बाहेरून काळं रेक्झिन, आतून फोम, पाठीवर अकरा कंगोरे.

चित्रीकरण एका रिकाम्या गोदामात होतं. जागा संध्याकाळपर्यंतचीच, आणि जनावराचा प्रसंग नाही तर सिनेमाच नाही. नट आत शिरला, मावशीने चेन लावली. जनावर दोन पावलं पुढे आलं आणि कॅमेरावाला फिसकन हसला.

"अहो, हा तर सोफा चालत आला!"

मग काय, सगळेच खो खो हसत सुटले. भाची तेवढी हसली नाही. ती पायरीवर जाऊन पाठमोरी बसली.

दुसऱ्या कुणी त्या कॅमेरावाल्याचा उद्धार केला असता. मावशीने जनावराभोवती एक शांत फेरी मारली.

"खरंय त्याचं. फारच सुबक झालंय मेलं! बाबा, बाहेर ये बघू."

आतली बाजू गिऱ्हाइकाला दाखवायची नाही, हा तिचा आजवरचा नेम. तिने अख्खं जनावर उलटं केलं. कच्च्या शिवणी, लोंबणारे दोरे, पिवळट फोम सगळं बाहेर आलं. फोमचे तिने बोटांनी लचके तोडले, वरून पातळ डिंक ओतला. नटाला आत घालून पाठ हातानेच शिवून टाकली.

"मावशी, इतकं देखणं काम होतं गं तुझं..." भाचीला राहवेना.

"देखण्याला कोण घाबरतं? ऊठ, दिवे लाव."

जनावर ओलं, चकाकत पुढे सरकलं. नायिकेने तिसऱ्या पावलाला किंचाळायचं ठरलं होतं. ती पहिल्यालाच किंचाळली आणि भिंतीला जाऊन चिकटली. कॅमेरावाला कॅमेऱ्यासकट दोन पावलं मागे सरला.

इतक्यात जनावराच्या गुडघ्याशी लोंबणारा एक दोरा मावशीला दिसला. तिचा हात नकळत कात्रीकडे गेला. भाचीने तो घट्ट धरला.

"राहू दे ना गं!"

"राहू दिला," मावशी पुटपुटली, "पण बघवत नाही बाई मला," आणि तिने मान फिरवली.