आप्पाजींची सरळ रेघ

आप्पाजींकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं तेव्हा ते एक डोळा मिटून एका लॉरीकडे बघत उभे होते. शाळेतून निवृत्त होऊन मी बंगळूरजवळच्या होसकोट्याला लेकीकडे नुकतीच राहायला आले होते, आणि लॉरींचं यार्ड आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. ते लॉरीच्या मागच्या फळीवर पिवळी रेघ ओढत होते. हातात ना पट्टी, ना दोरी, फक्त ब्रश. रेघ ओढली की चार पावलं मागे यायचं, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने नेम धरल्यासारखं बघायचं. मूळचे निपाणीचे. माझं मराठी ऐकून म्हणाले, "बाई, रेघ पट्टीनं वडायची असंल तर पेंटर कशाला पायजे?"

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडून घराची पाटी रंगवून घेतली. नावाखालची रेघ मधेच फुगली होती. जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या वाकड्या रेघांवर लाल शाई मारलेली मी. पण म्हातारा माणूस, कशाला दुखवायचं? "छान झाली," मी म्हणाले.

यार्डाचा मालक मंजुनाथ दुखवायला घाबरत नव्हता, पण खरं तोही सांगत नव्हता. मुद्दाम काम द्यायचा आणि व्हिडिओ घ्यायला मोबाइल काढायचा.

"अण्णा, इथं स्वल्प वाकडं दिसतंय की!"

आप्पाजी डावा डोळा मिटून बघत आणि रेघ दुरुस्त करत, त्यांना सरळ दिसेपर्यंत. तेवढी ती आणखी वाकडी होई.

"अण्णा, ड्रायव्हरच्या आधी तुमची रेघच पिऊन बसली!"

ड्रायव्हर लोळून हसत. आप्पाजीही हसत. पत्र्यालाच पोचा असेल, असं त्यांना वाटे.

जानेवारीत त्यांचा ब्रश रंगाच्या डब्यात न बुडता बाहेरच टेकू लागला, तेव्हा त्यांची मुलगी महानंदा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. सोबत मीही गेले.

डॉक्टर भार्गवी म्हणाल्या, "डावा डोळा कधीच गेलाय. मधलं त्याला काहीच दिसत नाही."

आप्पाजींना याचा पत्ताच नव्हता. रेघ बघताना तो डोळा ते नेहमी मिटतच आले होते.

"आणि उजवा?" महानंदाने विचारलं.

"शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. वय झालं की डोळ्याच्या पडद्याखाली कचरा साठतो. तो साफ करायला त्या येतात आणि कधीकधी थांबतच नाहीत, चांगल्या भागालाही इजा करतात. याला इतरही कारणं असतात, पण हे एक मोठं. मग तिथे नको असलेल्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरतात, पडदा फुगतो आणि सरळ रेघ वाकडी दिसते. उजव्यात तेच झालंय."

"म्हंजे माझाच वॉचमन माझं घर फोडतोय म्हना की," आप्पाजी म्हणाले.

"रेघा वाकड्या कधीपासून दिसतात?"

"माझ्या रेघा सरळच असत्यात. ह्या बाईंस्नी इचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"दिवाळीपासून वाकड्या येताहेत," मी म्हणाले.

"तेव्हाच इंजेक्शनं सुरू केली असती तर बरीच नजर वाचली असती. आता आत व्रण धरलाय."

आप्पाजी आवाजाच्या रोखाने माझ्याकडे वळले.

"तुमी तर छान म्हनलासा की, बाई."

आता ते सर्जापूर रोडला महानंदाच्या घरी राहतात. मी रविवारी जाते. समोरचा चेहरा मधोमध दिसत नाही, म्हणून ते माझ्या कानाकडे बघून बोलतात.