शैलाताईंचा शेवटचा टाइमआउट

"ती उंच पोरगी ना? ती नुसतीच उंच हाय, सर."

जिमखान्याच्या पायरीवर बसून मी बुटाची नाडी बांधत होते, तेव्हा आतून हे वाक्य ऐकू आलं. आवाज बाईचा होता आणि ओळखीचा नव्हता. पाठोपाठ आमच्या कॉलेजच्या क्रीडा संचालकांचा, म्हणजे पीडी सरांचा आवाज आला. "अहो, पाच फूट नऊ इंच आहे ती. अख्ख्या कॉलेजात तेवढी एकच."

"विजेचा खांब पण उंच असतो की. त्याच्या डोक्यावरनं बॉल गेला तर तो हलतोय का?"

मी बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. राग यायला हवा होता, पण आला नाही. सातवीपासून लोक माझ्या उंचीबद्दल काही ना काही बोलत आले होते, कौतुकाने किंवा काळजीने. त्यात मला पटेल असं कुणी बोललं नव्हतं. हे पटलं.

मग त्या बाहेर आल्या. जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढ्या. अंगात कंपनीचा राखाडी शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारे जड सेफ्टी शूज. मला बघताच त्यांना कळलं की मी ऐकलंय. ओशाळणं वगैरे काही नाही. म्हणाल्या, "ऐकलंस? बरं झालं. परत सांगायला नको."

त्या शैलाताई. चाकणच्या एका कारखान्यात मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या तपासायचं काम करायच्या. शाळेत असताना लातूरकडे जिल्ह्याच्या बास्केटबॉल टीममधून खेळलेल्या. पीडी सरांनी त्यांना कंपन्यांच्या महिला स्पर्धेत खेळताना पाहिलं आणि आम्हाला शिकवायला बोलावलं. पहिली शिफ्ट असली की त्या कंपनीच्या बसने तळवड्यावरून निगडीला उतरायच्या आणि साडेचारला ग्राउंडवर हजर. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात आमची प्रॅक्टिस सकाळी. आमच्या कॉलेजचं वेळापत्रक कुणाला पाठ नसलं तरी त्यांच्या शिफ्टचं आम्हा सगळ्यांना पाठ होतं. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यांना मॅडम म्हणालं, तर त्या म्हणाल्या, "मॅडम आमच्याकडं एचआरला असते. मी ताई."

आमच्या टीमचं दुखणं जुनं होतं. बॉल पुढे नेणाऱ्या आमच्या गार्ड मुली पळायला तेज, लांबून बास्केटही करायच्या. पण बॉल रिंगला लागून परत आला की तो हमखास समोरच्यांच्या हातात. रिंगखाली उभ्या राहणाऱ्या आम्ही तिघी होतो. प्रणाली पाच फूट तीन इंच, माझ्याहून एक वर्षाने मागे, आणि भांडायला कायम तयार. श्रुतीला कुणाचा धक्का लागला की तीच "सॉरी" म्हणायची. आणि मी. मी काहीच म्हणायचे नाही. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी घरापुरतं होतं, आणि घरात आम्ही फारसं बोलत नव्हतो. टीममधल्या मुली भराभर एकमेकींची खेचायच्या. मला उत्तर सुचायचं तोपर्यंत विषय बदललेला असायचा. त्यांनी मला वाईट वागवलं असं नाही. त्या माझ्यासाठी जागा ठेवायच्या आणि मग मी तिथे बसलेय हे विसरून जायच्या.

ताईंनी पहिले पंधरा दिवस आम्हाला उडीच मारू दिली नाही. रिबाउंड घ्यायचा, म्हणजे रिंगला लागून परत आलेला बॉल पकडायचा, तर उडी हवीच, असं आम्हाला वाटायचं. त्या म्हणायच्या, "बॉल खाली येणारच हाय. तो कुठं जायलाय? तू आधी माणूस शोध." बॉल हवेत गेला की वर बघायचं नाही. आपल्या मागे कोण आहे ते हुडकायचं, वळायचं, तिच्या छातीला आपली पाठ लावायची, ढुंगण मागे, कोपरं बाहेर, आणि तिला तिथेच धरून ठेवायचं. बॉल जमिनीवर पडून दोन टप्पे खाईपर्यंत. तो घ्यायचाच नाही. सगळ्या मुलींना पडणाऱ्या बॉलकडे न बघता राहणं अशक्य व्हायचं. मला तर फारच. मी हमखास वर बघायचे.

"ईशा, काय बघायलीस वर? विमान जायलंय का?"

मुली हसायच्या. ताई हसायच्या नाहीत. पुन्हा बॉल फेकायच्या.

त्यांच्याजवळ एक लांबट वही असायची. मॅचमध्ये निसटलेला प्रत्येक रिबाउंड त्या तिच्यात लिहायच्या, पण मुलीचं नाव कधीच नाही. फक्त जागा आणि कारण. 'उजवी बाजू, वळली नाही.' 'मधे, उशिरा.' प्रणालीने एकदा विचारलं, "ताई, नाव लिहा ना. म्हणजे कळेल तरी कोण माती खातंय ते."

"लाइनवर पीस रिजेक्ट झाला की आम्ही स्टेशन नंबर लिहितो, ऑपरेटर न्हाई," ताई म्हणाल्या. "नाव लिहिलं की माणूस लपवाया लागतो. जागा लिहिली की दुरुस्ती होते."

"आणि ऑपरेटर नालायकच असला तर?"

"तर त्याला शिकवणारा कोण होता ते बघतो."

हे त्यांचं म्हणणं आम्हाला तेव्हा फार छान वाटलं. सगळ्यात जास्त मला. माझ्या नावाने कुठे काही लिहिलं जाणार नाही, यापेक्षा मोठा दिलासा मला कुणी दिला नव्हता.

एका संध्याकाळी प्रॅक्टिसनंतर निगडीच्या बस स्टॅंडवर मी त्यांना पाहिलं. त्या एका टोकाच्या बाकड्यावर बसल्या होत्या, मांडीवर डबा उघडा. पोळीचा तुकडा मोडायचा, समोर बघत बराच वेळ चावायचा, मग पुढचा. इतक्या माणसांत त्या इतक्या एकट्या दिसत होत्या की मला पुढे जावंसं वाटलं, आणि काय बोलायचं ते न सुचल्यामुळे मी खांबामागे थांबले. पाच फूट नऊ इंचांच्या मुलीने खांबामागे लपायचं म्हणजे काय, ते सांगायला नको.

"ये, बस," त्या मान न वळवता म्हणाल्या. "बोलायची गरज न्हाई. शिफ्ट झाल्यावर मी पण कुणाशी बोलत न्हाई. आठ तास मशिनीचा आवाज ऐकून डोकं भरलेलं असतंय."

मी बसले. त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला, शेंगदाण्याची चटणी होती. माझ्या दोन बस गेल्या. त्या म्हाळुंग्याला एका खोलीत एकट्या राहतात, गावाकडे फक्त भाऊ आहे, एवढंच मला त्या दिवशी कळलं. बाकी आम्ही खरंच काही बोललो नाही. कॉलेजच्या चार वर्षांत मला कुणाची सोबत वाटली असेल तर ती तेवढा पाऊण तास.

त्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत गेलो. आमचं कॉलेज तिथवर पहिल्यांदाच पोचलं होतं. शेवटची अकरा सेकंदं उरली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि बॉल समोरच्या टीमकडे होता. ताईंनी टाइमआउट घेतला. समोरच्यांची नऊ नंबरची मुलगी रिंगच्या डाव्या बाजूने घुसत होती, म्हणून ताईंनी मला आणि प्रणालीला जागा बदलायला सांगितलं. प्रणाली उजवीकडे, मी डावीकडे. भोंगा वाजला, सगळ्या आत गेल्या. मी निघाले तर ताईंनी मागून माझी जर्सी धरली. गॅलरीत ढोल वाजत होता. त्यांनी मला खाली वाकवलं आणि कानाशी सांगितलं, "नऊ नंबर तुझी. शॉट सुटला की तिला पाठ लाव. बॉल विसर. बॉल प्रणाली घेईल."

मी मान हलवली. मला प्रत्येक शब्द ऐकू आला होता.

शॉट सुटला, आणि मी वर बघितलं. बॉल रिंगच्या कडेला लागून वर गेला, आणि तो वर असताना मला स्पष्ट वाटलं की हा माझा आहे. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सरळ माझ्याकडे येत होतं. मी उडी मारायला गुडघे वाकवले, तेवढ्यात नऊ नंबर माझ्या पुढून आत आली, तिने बॉल घेतला आणि तिथूनच रिंगमध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी पीडी सरांनी सगळ्यांना जिमखान्यात बोलावलं. ते मॅचच्या वेळी समोरच्या गॅलरीत प्राचार्यांजवळ बसले होते आणि त्यांना प्राचार्यांना उत्तर द्यायचं होतं. ताई पहिली शिफ्ट करून थेट आल्या होत्या. सरांनी वही मागितली. शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "डावी बाजू, पाठ नाही लागली."

"शेवटच्या अकरा सेकंदांत जागा कशाला बदलल्या?" सर म्हणाले. "ईशा अख्खी मॅच उजवीकडे होती. नऊ नंबर कोणी धरायची ते तरी ठरवलं होतं का?"

"सर, आम्हाला फक्त जागा बदला म्हणाल्या," प्रणाली म्हणाली. तिने जे ऐकलं होतं ते तिने खरंच सांगितलं.

"ईशा, तुला सांगितलं होतं का, नऊ नंबर तुझी म्हणून?"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मला आठवतंय, कूलरचा आवाज येत होता. 'हो' एवढाच शब्द होता. मी तो तोंडात आणला. मग वाटलं, 'हो' म्हटलं की पुढचा प्रश्न येईल, मग तू काय केलंस? त्याचं उत्तर जुळवत मी गप्प राहिले. दोन सेकंद, चार सेकंद. मला वाटत होतं मी अजून उत्तर दिलेलं नाही. खोलीतल्या बाकी सगळ्यांना ते मिळालं होतं.

सर ताईंकडे बघायला लागले. ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यात राग नव्हता, वाटही पाहिली नाही. बिजागरी उजेडात धरून बघावी तसं पाहिलं.

"सांगितलेलं पोचलं न्हाई, तर ते सांगणाऱ्याचं," त्या म्हणाल्या. "माझ्या नावावर लिहा सर."

"मॅडम, हे तुमच्या कंपनीत ठीक आहे. इथे मॅच गेली."

"व्हय. गेली."

बाहेर पायरीवर त्या सेफ्टी शूज पिशवीत नीट बसवत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "जा घरी. ऊन लई हाय." आणि स्टॅंडच्या दिशेने निघाल्या. पुढच्या मोसमात त्यांना बोलावलं नाही.

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. मी कितीतरी वेळा मेसेज लिहिला. इंग्रजीत लिहिला की तो ऑफिसच्या पत्रासारखा दिसायचा, मराठीत लिहिला की रडका वाटायचा. दोन्ही पुसले. दिवाळीला त्यांचा पणतीचा फोटो आला, बहुतेक सगळ्यांना पाठवलेला. मी उत्तरादाखल पणतीचाच फोटो पाठवला.

नवे कोच आले. प्रमाणपत्र असलेले, गळ्यात शिट्टी, हातात टॅबलेट. ते "जंप, जंप" म्हणून ओरडायचे. मी जंप करत नव्हते. शॉट सुटला की मागे वळत होते, माणूस शोधत होते, पाठ लावत होते. त्या वर्षी टीममध्ये सगळ्यात जास्त रिबाउंड माझे झाले आणि स्नेहसंमेलनात नव्या कोचचा सत्कार झाला. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. शेजारची खुर्ची रिकामीच होती. माझ्या लांब पायांमुळे तिथे कुणी बसत नाही.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली. जिमखान्याचं काही सामान आपल्याकडे राहिलं नाही, अशी पीडी सरांची सही फॉर्मवर लागते, त्यासाठी मी गेले. आत प्रणाली उभी होती. ती आता कॅप्टन होती. नवे कोच दुसऱ्या अकॅडमीत गेले होते आणि पुढच्या मोसमाला कुणीच नव्हतं.

"सर, शैलाताईंना बोलवा ना," ती म्हणत होती. "मी फोन केला होता. पहिल्या शिफ्टला येते म्हणाल्या."

"मनाने चांगली बाई आहे गं ती," सर म्हणाले. त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला आणि पेन शोधायला लागले. "पण ऐन टाइमआउटला खेळाडूला काय सांगायचं तेच जिला सुचत नाही, तिला मी पुन्हा कशी आणू? वरती काय सांगू?"

  टाइमआउटला खरं काय झालं ते प्रणालीला माहीतच नव्हतं. त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं. सरांना पेन सापडलं. त्यांनी सही केली, फॉर्म माझ्यापुढे धरला आणि मी तो घेत नाहीये हे बघून वर पाहिलं.

"काय गं? अजून काही?"

माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"सर, ताईंनी मला सांगितलं होतं. नऊ नंबर तुझी, बॉल विसर, असं कानात सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, मान हलवली होती. आणि मग मी बॉलकडे बघत उभी राहिले."