शेताच्या कडेने एक रेघ

ऐंशीच्या दशकात आमच्या न्यू जर्सीतल्या टाउनशिपने, म्हणजे तिथल्या गावपंचायतीने, एका शनिवारी शाळेच्या जिममध्ये सगळ्यांना बोलावलं. वीस वर्षांनी आपलं गाव कसं असावं, ते नकाशावर रंगवायचं होतं. मी तेव्हा सिटिझन नव्हते, म्हणून दारातच विचारलं, "मला मत देता येत नाही, तरी चालेल?" तिथल्या बाई म्हणाल्या, "इथे राहता ना? मग बसा."

माझ्या टेबलावर एक म्हातारे शेतकरी होते. त्यांनी विकलेल्या बटाट्याच्या शेतावरच आमची कॉलनी उभी राहिली होती. त्यांनी सगळा नकाशा हिरव्या पेन्सिलीने भरून टाकला. मी म्हटलं, "यात माझं घर कुठे गेलं?" ते ओशाळून हसले आणि माझ्या घरापुरता हिरवा रंग खोडून म्हणाले, "बरं, तुम्हाला काय हवंय?"

मला गाडी चालवता येत नव्हती आणि स्टेशनच्या रस्त्याला फूटपाथ नव्हता. मी त्यांच्या उरलेल्या शेताच्या कडेने स्टेशनपर्यंत एक रेघ ओढली.

"तेवढी जागा मी देईन," ते म्हणाले. "पण टाउनशिपच्या मीटिंगमध्ये तुम्ही बोलायचं."

पुढच्या महिन्यात त्या मीटिंगमध्ये मी माइकसमोर उभी राहिले. तीन मिनिटं दिली होती, माझं एका मिनिटात संपलं. फूटपाथचा ठराव मात्र पास झाला.

फूटपाथ व्हायला दोन वर्षं लागली. पहिल्यांदा त्यावरून निघाले, तेव्हा ते शेतकरी ट्रॅक्टरवर होते. मी हात केला, तर त्यांनी ओरडून सांगितलं, "बटाट्यांवर पाय देऊ नका हं."