बास म्हणजे बास

पेरुजात पहिले चार महिने मी अर्धपोटी जेवत होते. दोष माझ्याच एका शब्दाचा होता.

इटलीत मी शिष्यवृत्तीवर, एका वर्षासाठी भाषा शिकायला गेले होते. पासपोर्टावर हैदराबाद राज्य लिहिलेलं होतं. मी तिकडे असतानाच आमचा परभणी जिल्हा मुंबई राज्यात गेला, हे वडिलांच्या पत्रातून कळलं. माझं शिक्षण हैदराबादच्या वसतिगृहात, इंग्रजीत झालेलं. गावी, बोरीच्या घरी मी सुट्टीपुरती. पण जेवायची रीत मात्र बोरीचीच अंगात मुरलेली. आमच्याकडे जेवणाऱ्याने "बास" म्हणायचं आणि वाढणाऱ्याने ते ऐकायचं नाही. आई म्हणायची, "बास काय बास! धर गुमान." आणि चतकोर भाकरी ताटात पडायचीच.

पेरुजातली माझी घरमालकीण विधवा होती, मोठ्या आवाजाची. तिची मुलगी शिवणकामाला जायची. टेबलाशी आम्ही तिघीच. पहिल्या संध्याकाळी टोमॅटोच्या रश्श्यातल्या जाड शेवया होत्या, लसणाच्या वासाच्या. मला फार आवडल्या. दुसऱ्यांदा डाव पुढे आला तेव्हा सवयीने तोंडून गेलं, "बास."

"बास्ता?" तिने विचारलं. त्यांच्याही भाषेत तो शब्द जवळपास तोच. मी मान खाली घातली. डाव मागे गेला, पातेल्यावर झाकण पडलं. मी आग्रहाची वाट पाहत राहिले.

रोज हेच. मुलगी हसायची, "चिमणीचं झालं जेवून!" शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. एकदाही आग्रह होत नाही, याचा अर्थ मात्र मी एवढाच लावला की मी त्यांना नकोशी आहे. वर्गातून येताना पाव घ्यायचे आणि चर्चच्या पायऱ्यांवर बसून खायचे. तिथला पाव अळणी असतो. मी खिशात मिठाची पुडी ठेवायचे. संध्याकाळी सगळं गाव मुख्य रस्त्यावर नुसतं वर-खाली फिरायचं, एकमेकांना हाका मारत. भाजलेल्या चेस्टनटचा खरपूस वास सुटायचा. मी कडेने चालायचे. मला हाक मारणारं कुणी नव्हतं. शेवटी घरी पत्र लिहिलं, मला परत यायचं आहे. ते पुस्तकात ठेवलं, सोमवारी टाकायला.

त्या रविवारी घरमालकिणीने टेबलावर मोठा पाट मांडला आणि त्यावर मक्याच्या भरड्याची वाफाळती पोलेंटा ओतली. आमच्या ज्वारीच्या कण्यांसारखीच, फक्त पिवळी. ताटल्या नव्हत्या. ज्याने त्याने आपल्या बाजूने खात मध्याकडे जायचं. वाढणारं कुणी नाही, म्हणून बास म्हणायचीही सोय नव्हती. मी खात सुटले. भान आलं तेव्हा माझ्यासमोरचा पाट उघडा पडला होता आणि दोघी माझ्याकडे पाहत होत्या.

"बास्ता?" घरमालकिणीने विचारलं.

कान तापले. पुस्तकातलं पत्र आठवलं. "नाही," मी म्हणाले. "अजून."

"मग रोज बास का म्हणतेस?"

"आमच्याकडे पहिल्यांदा म्हटलेलं कुणी ऐकत नाही."

"म्हणजे चार महिने उपाशी?" ती ओरडली. "अगं, मला वाटलं तुला माझ्या हातचं आवडत नाही!" तिने आपल्या बाजूचा मोठा गोळा चमच्याने माझ्याकडे लोटला. थोड्या वेळाने मी खरंच पोट भरून बास म्हणाले, तर मुलगी म्हणाली, "खोटं बोलते, वाढ." पत्र मी टाकलं नाही. त्या घरात पुढे माझं बास कुणी ऐकलं नाही.

वर्ष संपल्यावर बोरीला आले. आईने कण्या केल्या होत्या. मी ताट पुढे करून म्हणाले, "आई, अजून दे."

तिचा हात थांबला. "मागून खायलीस गं? तिकडं न्हाई का कुणी वाढायला?"

"होतं की," मी म्हणाले.

तिने वाढलं. ते संपल्यावर मी म्हणाले, "बास."

आईने डाव उचलला, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो परत पातेल्यात ठेवला. पाहुण्याला विचारावं तसं हळूच म्हणाली, "पाणी देऊ?"