कावळ्याचा घास

नौपाड्यातल्या लॅबमध्ये मी दर महिन्याला शुगर तपासायला जातो. काउंटरवर बसणारी मुलगी आंबिवलीहून येते. साहेबांनी ऐनवेळी फोनवर ड्युटी बदलली, की पुरतं ऐकायच्या आत म्हणते, "चालेल सर." त्या 'चालेल'चा मला भयंकर राग येतो.

परवा आईचं वर्षश्राद्ध म्हणून तिने महिनाभर आधी सुट्टी मागून घेतलेली. सकाळी फोन आला, "यावंच लागेल." आली. डब्यातून आणलेलं पान तिने मागच्या खिडकीत कावळ्यासाठी ठेवलं आणि पावत्या फाडता फाडता तिकडे बघत राहिली. कावळा फिरकेना. तेवढ्यात पुन्हा फोन. संध्याकाळीही तिनेच थांबायचं.

"चालेल सर."

मग खिडकीशी जाऊन हळूच म्हणाली, "आई, तू जेवून घे गं. मला उशीर होईल."