शिरेचं गाऱ्हाणं

माझ्या सासऱ्यांचा आवाज असा आहे, की खेडच्या आतल्या आमच्या गावातून हाक मारली तर रत्नागिरीत ऐकू यावी. पण त्या गणपतीत आम्ही त्यांना फोनवरच ऐकलं, कारण मी आणि माझी पाच वर्षांची लेक इस्पितळात होतो.

लेकीला रक्ताचा कर्करोग. मोठे उपचार मुंबईला चाललेले. तिथून औषध घेऊन घरी आलो की मधेच पांढऱ्या पेशी खाली जायच्या, ताप भरायचा, आणि मग इथेच रत्नागिरीत अ‍ॅडमिट. या खेपेला ताप आला तो नेमका चतुर्थीच्या तोंडावर. नवरा मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात आहे, त्याला मीच गावी पिटाळलं. "दोघं इथे बसलो म्हणून ताप काय दुप्पट वेगाने उतरणार आहे? जा, देवासमोर आपल्यातलं कुणीतरी उभं राहू दे," म्हटलं. तो निमूट गेला. गेल्यावर मला त्याचाच राग आला, इतकं काय ऐकायचं माझं?

गणपती बसला त्याच दुपारी लेकीच्या हातातली सुई निकामी झाली. हात सुजला, सलाईन थांबलं. अँटिबायोटिकच्या पुढच्या डोसची वेळ झालेली, अंग तापलेलं, आणि बाईसाहेबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. आदल्या खेपेला शीर सापडेपर्यंत तीन-चारदा टोचून झालं होतं, तिचं तरी काय चुकलं? मी गोड बोलले. मग आवाज चढवला. मग बाहुली, कार्टून, बाप्पाची शपथ, सगळं झालं. सिस्टर ट्रे घेऊन उभी, झाडलोट करणाऱ्या मावशी पाय धरायला आलेल्या. धरून टोचावं तर शीर हुकणार, न टोचावं तर ताप चढणार. आई झाल्यापासून इतकी हतबल मी कधी झाले नव्हते.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. आमच्याकडे पूजा झाली की सासरे देवाला गाऱ्हाणं घालतात. म्हणजे सगळ्यांसाठी मोठ्याने एकेक मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. नातीला ऐकू यावं म्हणून नवऱ्याने फोन देवासमोर धरला होता. मेलं यांनाही हीच वेळ सापडली, असं पुटपुटत मी स्पीकर लावला.

"बा गणराया, माज्या नातीचा ताप उतरू दे रे महाराजा."

"व्हय महाराजा," तिकडून अख्खी भावकी. इकडून लेकही, हात मांड्यांखाली ठेवूनच, "व्हय महाराजा." शेत, गुरं, मुंबईची पोरं, सगळ्यांचं मागून झालं. सासरे थांबतात तोच ही म्हणाली, "आजोबा, आता मी."

"माग गो बाय," तिकडून सासरे म्हणाले.

"बा गणपती बाप्पा," तिने आजोबांचाच सूर लावला, "या सिस्टरला माझी शीर एका फटक्यात सापडू दे रे महाराजा."

सिस्टर लांज्याची, म्हणजे इथलीच, तिला गाऱ्हाणं काय शिकवायचंय? हातात ट्रे घेऊन सगळ्यात आधी तीच म्हणाली, "व्हय महाराजा." मग मावशी, मग फोनमधून भावकी. मलाही हसू फुटलं. आणि लेकीने उजवा हात मांडीखालून काढला आणि सिस्टरपुढे धरला. शहाणी गं माझी बाय.

सिस्टरने पट्टा बांधला, मनगटाजवळ बराच वेळ चाचपलं. सुई आत गेली. लेकीने तोंड वाकडं केलं, पण हात हलवला नाही. नळीत रक्त आलं तसा सिस्टरनेच सुस्कारा सोडला. ती चिकटपट्टी लावायला लागली आणि मी फोन बंद करायला गेले, तर लेक म्हणाली, "थांब, माझं झालं नाय अजून."

"आणि बाप्पा, माझ्या आईला बाथरूममधी नळ सोडून रडायला लागू नये रे महाराजा. तिला हितंच माझ्याजवळ रडू दे."

मला वाटायचं, नळाच्या आवाजात बाहेर काही कळत नाही. मी मावशींकडे बघितलं, तर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. फोनमधून आधी सासऱ्यांचा आवाज आला, आयुष्यात पहिल्यांदा इतका हळू. "व्हय महाराजा." मग बाकीचे. त्यात माझ्या नवऱ्याचाही होता, फाटलेला, पण मी ओळखला.

सगळ्यांचं म्हणून झालं तरी लेक माझ्याकडेच बघत होती.

"आई, तू नाय म्हटलंस."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि जमेल तसं म्हटलं. तिने मोकळ्या हाताने माझे केस नीट केले, आणि नळ कुणीच सोडला नाही.