लबाडाच्या नावाची बोली

भोकरदनच्या तहसीलीबाहेर तो लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. हातात आलेला कुठलाही कागद आधी उजेडाला धरून बघायचा आणि मजकूर संपला की खालच्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ ओढायचा. "मंग मागून कुणी काही घुसडत न्हाई," म्हणायचा. मी दिसलो की त्याचं ठरलेलं, "काय लिहून राह्यले, गुरुजी? कुणावर?" मला तो माणूस कधी सरळ वाटला नाही.

गावच्या वाचनालयावर पत्रे टाकायचे होते. देवळात पहिल्या आरतीची बोली लागते, तशी त्या खर्चासाठी मी माझ्या नव्या कादंबरीतल्या पात्रांच्या नावांची लावली; जो जास्त पैसे देईल, त्यानं नाव ठरवायचं. सरपंचांनी नायकाला नातवाचं नाव घेतलं. राहिला भावाची जमीन लाटणारा लबाड. त्याची ओळख व्हावी म्हणून मी एक पान वाचून दाखवलं. लोक हसले. बोली एकच आली, मागून, ह्या अर्ज लिहिणाऱ्याची.

ह्याचं सख्ख्या भावाशी बांधावरून वाकडं होतं. आता त्या भावाचंच नाव घालून हा बदनामी करणार, हे मी धरूनच चाललो.

"नाव लिहा," म्हणून मी कागद पुढं केला. त्यानं तो उजेडाला धरला आणि नावाच्या जागेवर सावकाश तिरपी रेघ ओढली.

"कुणाचंच टाकायचं न्हाई," तो म्हणाला. "तुमच्या पानातला माणूस कागद उजेडाला धरून बघतो, गुरुजी. माझी सवय तर तुम्ही न इचारता घेतली. नावाचे मी पैसे भरले."